नवीन राउटर घ्यायचाय: एसी१२००, एएक्स१५०० की मेश? जांभ्याच्या घरात काय चालेल?

जांभ्याचंघर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर चिपळूणजवळ गावात आहे, जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती दीड फुटी, वर कौलं. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे एक खोली, तिथे बसून नवरा ऑफिसचं काम करतो. फायबर आलं तेव्हा जोडणाऱ्या मुलाने डबा पडवीत मीटरच्या बाजूला ठोकला कारण तार तिथूनच आत आली. प्लॅन २०० एमबीपीएसचा. पडवीत मोबाईलवर ४०-४५ येतात, माजघरात १२-१५ आणि मागच्या खोलीत दोन, कधी कधी काहीच नाही. मीटिंग चालू असताना नवरा लॅपटॉप उचलून ओटीवर येतो आणि तिथे सासूबाईंची मालिका चालू असते, त्यामुळे रोज दोघांचीही ओढाताण होते. म्हणून डब्यापासून माजघरापर्यंत एक तार ओढून घेतली, तिला लॅपटॉप जोडला तर ९३-९४ दिसतात, त्याच्या वर कधीच गेलं नाही.

आता डब्याचं वायफाय बंद करून चांगला राउटर घ्यायचा विचार आहे. बघून ठेवलेले तीन असे: एसी१२०० चा साधारण अडीच हजारात, एएक्स१५०० चा साडेतीन हजारात, आणि दोन डब्यांचं मेश (दोन राउटर मिळून घरभर एकच वायफाय देतात ते) जवळपास सात हजाराला. दुकानदार म्हणाला सहा अँटेनावाला घ्या, भिंती पार करेल. वायफाय ६ आणि ७ मध्ये मला फरक कळत नाही. वीज पावसाळ्यात दिवसातून चार वेळा जाते ते वेगळंच. काय बघून घ्यावं सांगाल का?

सिंहगडरोडवाला

ताई, आधी खोक्यावरचे आकडे सोडवू म्हणजे निम्मा गोंधळ संपेल.

एसी१२०० म्हणजे १२०० चा वेग नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ८६७ आणि २.४ च्या पट्ट्यावर ३०० अशी ती बेरीज आहे, वरच्या आकड्याकडे गोल केलेली, आणि तुमचा मोबाईल एका वेळी त्यातल्या एकाच पट्ट्यावर असतो त्यामुळे बेरजेला अर्थ नाही. एएक्स१५०० म्हणजे १२०१ अधिक ३०० (एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६). एएक्स३००० म्हणजे २४०२ अधिक ५७४, पण तो २४०२ फक्त १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल वापरला आणि समोरच्या मोबाईललाही तो जमत असला तरच, आणि बऱ्याच मोबाईलना ८० पर्यंतच जमतं. वर हे सगळे हवेतले आकडे आहेत, हातात येताना त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं, तेही राउटर त्याच खोलीत असेल तर.

अँटेनांचं म्हणाल तर सहा काड्या दिसल्या म्हणजे सहापट ताकद नाही. ताकदीवर सरकारी मर्यादा आहे, ती सगळ्यांना सारखीच. मोबाईलमध्ये दोन अँटेना असतात, तो दोनच प्रवाहात बोलतो. जास्त अँटेनांनी थोडीफार स्थिरता येते, नाही असं नाही, पण दीड फुटी चिऱ्यापुढे त्याचा भरवसा धरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे खोक्यावर बारीक अक्षरात असतं: मागची पोर्टं. एसी१२०० लिहिलेल्या स्वस्त राउटरना कितीतरी वेळा १०/१०० ची पोर्टं असतात. प्लॅन २०० चा, आत येणारं दार १०० चं. गिगाबिट, म्हणजे १००० चं, पोर्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका, पाचशे रुपये जास्त गेले तरी.

सातवामजला

वरच्याला अनुमोदन, फक्त वायफाय ६ बद्दल माझा अनुभव सांगते.

मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते, मोबाईलवर वायफायची यादी उघडली की चाळीसच्या वर नावं येतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि ते चाळीस जणांनी वाटून घ्यायचे. माझ्याकडे जुना राउटर होता तेव्हा रात्री नऊनंतर व्हिडिओ गोल गोल फिरत राहायचा. वायफाय ६ चा घेतला, सगळे मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर टाकले आणि फरक पडला, कारण त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडं थोडं वाटून द्यायची सोय आहे. घरात आम्ही चौघं, दोन टीव्ही, कॅमेरा, दिवे सगळं धरून एकोणीस वस्तू जोडलेल्या आहेत.

पण जांभ्याचंघर ताई, तुमच्याकडे नेमकं उलट आहे असं मला वाटतं. शेजारचं घर किती लांब? शेजाऱ्यांचं वायफाय दिसतच नसेल तर गर्दी हा तुमचा प्रश्नच नाही, तुमचा प्रश्न भिंत आहे. गर्दीवरचं औषध भिंतीवर लागू पडत नाही.

जांभ्याचंघर

@सातवामजला, शेजारचं घर मध्ये आंब्याची सहा झाडं सोडून आहे. यादीत आमचंच एक नाव दिसतं.

तारजोड्या

ताई राउटर घ्यायच्या आधी एक काम करा. मी सांगलीकडं हेच काम करतो, केबलची आणि फायबरची जोडणी, बारा वर्षं झाली. तुम्ही ९३-९४ लिहिलंय ना, हा आकडा मी रोज बघतो. १०० च्या लिंकवरून प्रत्यक्षात तेवढंच निघतं, वर पाचसहा पॅकिंगमध्ये जातात. म्हणजे तुमचे २०० कुठंतरी १०० च्या नळीतून येतायत. वायफायचा त्यात संबंधच नाही कारण तुम्ही तारेनं बघितलंय.

आता ते कुठं ते शोधायचं. दोन जागा आहेत. एक, डब्याला (ओएनटी म्हणतो आम्ही) दोन पोर्ट असतील तर काही डब्यांत एक गिगाबिटचं आणि दुसरं १०० चं असतंय, त्यामुळं तार दुसऱ्या पोर्टात घालून बघा. दोन, तारेचं टोक. टोकाचा पारदर्शक जॅक बाहेर काढा, मोबाईलची बॅटरी लावा आणि आत रंगीत तारा किती आहेत मोजा. आठ पाहिजेत. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. काही पोरं घाईत चारच घालून जॅक दाबून टाकतात, नेट चालू होतं, गिऱ्हाईक खूश, आणि मग वर्षभर ९४ वर अडकून बसतं.

अजून एक बघा, डब्यावर लाल लाईट लागतो का पावसात? आणि डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधनं येणाऱ्या उजेडाची ताकद, दिसत असली तर लिहा इथं. उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असली तर निवांत. उणे २७ च्या पलीकडं गेली तर कितीही भारी राउटर आणा, वरून येणाराच उजेड कमी आहे, तिथं फायबरच परत जोडून घ्यावी लागते.

नवखा_नेटकर

मी तर म्हणेन थेट वायफाय ७ च घ्या, एकदाच खर्च, दहा वर्षं बघायला नको. आता स्वस्तातही येतायत.

सिंहगडरोडवाला

@नवखा_नेटकर, तुमची भावना समजते पण पैसे ताईंचे आहेत म्हणून लिहितो. वायफाय ७ ची खरी मोठी चाल ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल तिथेच मिळतात. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना झाला, आणि ६ च्या खालच्या भागाचा, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा मसुदा निघायलाच मे २०२५ उजाडला. स्वस्तातले वायफाय ७ चे जे राउटर येतात त्यातल्या बऱ्याच जणांना ६ चा पट्टा नसतोच, दोनच पट्टे असतात. शिवाय घेणारा मोबाईलही ७ चा हवा.

आणि ताईंच्या घरापुरतं बोलायचं तर फ्रीक्वेन्सी जितकी वर जाते तितकी भिंत जास्त खाते. २.४ भिंतीतून बरं जातं पण हळू, ५ वेगवान पण लवकर दमतं, ६ त्याहून लवकर. जांभ्यात ६ गिगाहर्ट्झ एका खोलीच्या बाहेर पडणार नाही.

म्हापशेकर

जांभ्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय कारण आमचं म्हापशाचं घर हुबेहूब असंच आहे, मध्ये चौक सोडला तर. हे सगळं मी दोन वर्षं भोगलंय.

मी आधी दोन डब्यांचं मेश आणलं. एक पुढे हॉलमध्ये ठेवलं, दुसरं जिथे नेट पाहिजे तिथेच म्हणजे मागच्या खोलीत. मोबाईलवर वायफायच्या काड्या फुल्ल दिसायच्या आणि वेग मात्र सहा-सात. मला वाटलं पीस खराब आहे, बदलून आणला, तेच. मग एकाने समजावलं की मागच्या डब्याला स्वतःलाच पुढून नीट मिळत नाहीये तर तो पुढे काय देणार, तुझ्या काड्या त्या डब्याच्या आहेत, इंटरनेटच्या नाहीत. डबा मधल्या खोलीत आणला तेव्हा ३५-४० झाले. त्याच्या वर गेलं नाही, कारण दोनच पट्ट्यांचं मेश असलं की एकाच हवेतून घ्यायचंही आणि द्यायचंही, वेग निम्म्यावर येतो.

पावसाचं एक सांगतो. मी मोबाईलवर सिग्नल मोजायचं अ‍ॅप टाकलंय. मधल्या खोलीत मे महिन्यात उणे ६८ (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) दिसायचं, जुलैत तीच जागा, तोच डबा आणि उणे ७५. चिरा पाणी पितो हे आपल्याला माहीत आहेच, भिंत ओली झाली की सिग्नल अजून खाते. उणे ६७ च्या आत असेल तर मीटिंग नीट चालते, ७५ ला आवाज तुटायला लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात तपासून समाधान मानू नका.

शेवटी काय केलं तर कॅट६ ची (गिगाबिट चालणारी नेटची) तार आणली, कौलांच्या खालून वाशांच्या कडेकडेने मागपर्यंत नेली, आणि दोन्ही डबे तारेने जोडले. त्या दिवसापासून मागच्या खोलीत दीडशेच्या खाली नाही. तारेला तीस मीटरचे हजारएक रुपये गेले असतील. आधीच ओढली असती तर मेशची गरजही पडली नसती, साधा राउटर चालला असता.

जांभ्याचंघर

तारजोड्या दादा, आत्ताच बघून आले!! बॅटरी लावून जॅक बघितला तर चारच तारा आहेत. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी आणि हिरवी. निळ्या आणि तपकिरी तारा जॅकच्या मागे कापून मुडपून ठेवल्यात, बाहेरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या टोकालाही तसंच. मी एवढे दिवस कंपनीला फोन करत होते आणि ते दर वेळी डबा बंद करून चालू करा म्हणायचे.

ऑप्टिकल पॉवर उणे २१.४ दिसते. लाल लाईट फक्त एकदा लागला होता, फांदी पडली तेव्हा. डब्याला दोन पोर्ट आहेत आणि तार पहिल्यात आहे.

तारजोड्या

उणे २१ म्हणजे एकदम झकास, फायबरला हात लावू नका.

जॅक दोन्हीकडं नवीन मारून घ्या. रंग असे, जॅकची खिट्टी खाली ठेवून डावीकडनं: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. लोक हिरवी जोडी शेजारी शेजारी लावतात तिथं चूक होते, हिरवा सहावा आहे, मध्ये निळी जोडी येते. क्रिंपिंगचं, म्हणजे जॅक दाबायचं, हत्यार गावात केबलवाल्याकडं मिळेलच, नाहीतर दुकानातनं तयार जॅक मारलेली कॅट६ च घ्या, मापाची. घेताना पूर्ण तांब्याची विचारा, अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त येते, ती वाकवली की आत तुटते.

माईनकाठी

मी फ्रँकफर्टला असतो, आई-बाबांचं घर साताऱ्यात, तिथलं सगळं इथून बघतो म्हणून थोडं.

इकडे ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की ग्राहकाने कुठला राउटर लावायचा हे कंपनी ठरवू शकत नाही, स्वतःचा लावता येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा कंपनीचा डबा राहणारच असं धरून चाला. मग नवा राउटर त्याच्या मागे दोन प्रकारे लावता येतो. एक, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो नेट फक्त पुढे देतो, आणि युजरनेम-पासवर्ड (पीपीपीओई) नव्या राउटरमध्ये भरायचा, काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीने जोडणीला दिलेला) नंबरही लागतो, तो आधी विचारून लिहून ठेवा. दोन, नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, बाकी कारभार जुन्या डब्याकडेच. ताई, तुम्हाला दुसरा प्रकार पुरेल आणि कंपनीशी भांडावं लागणार नाही. यातलं काहीच न करता नुसता मागे जोडला तर दोन राउटर एकामागे एक बसतात, नेट चालतं पण ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं) किंवा कॅमेरा कधी कधी अडतो आणि कारण सापडत नाही.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा ज्या कोणी विचारत नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कधी आलंय ती तारीख बघा. दोन-तीन वर्षं काही आलं नसेल तर सोडून द्या, राउटर हा घराचा दरवाजा आहे. हार्डवेअर व्हर्जनही बघा, एकाच नावाखाली व्ही२, व्ही३, व्ही४ निघतात आणि आतलं सामान वेगळं असतं. दुसरं, डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा) हवं. आणि घरी आणल्यावर डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याच्या पिनमधली कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे. आई-बाबांच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड चार वर्षं खाली चिकटवलेलाच होता, मी गेलो तेव्हा बदलला.

सातवामजला

अवांतर: पंपाचा स्मार्ट प्लग, दिवे असल्या वस्तू बहुतेक २.४ वरच चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर त्या जोडताना फार त्रास देतात. दोन वेगळी नावं ठेवायची सोय आहे का ते बघून घ्या, मी त्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय.

पागोळी

विजेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी राजापूरची, आमच्याकडेही तेच.

इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा, १२ व्होल्ट १ अँपिअर, दीड की २. यूपीएस १ अँपिअरचा आणि राउटर २ मागणारा असेल तर वीज गेल्या क्षणी राउटर बंद पडून परत चालू होतो आणि मीटिंग तुटतेच, मग उपयोग काय. वायफाय ६ चे राउटर जुन्यांपेक्षा जास्त मागतात हेही धरा.

आणि राउटर एकटा चालून भागत नाही, पडवीतला डबाही चालू राहायला हवा! मी पहिल्या वेळी हे विसरले होते. आता दोन आउटपुटचा आहे. १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे साधारण ३७ वॅट-तास, गळती धरून ३० च्या आसपास. डबा आणि राउटर मिळून १२ वॅट खात असतील तर अडीच तास. माझ्याकडे सव्वादोन तास टिकतो. तुमचा डबा आणि राउटर लांब लांब असतील तर दोन वेगळे घ्या.

वळवाच्या विजा चमकायला लागल्या की सगळ्याचे प्लग काढून ठेवा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही पण लाइटच्या बोर्डातून येतो, आमचा एक राउटर असाच मे महिन्यात गेला.

जांभ्याचंघर

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहेच. तीन आठवड्यांनी काय झालं ते लिहिते कारण तुम्ही एवढा वेळ दिलात.

पहिल्यांदा जॅक. केबलवाल्या दादांना रंगांचा क्रम कागदावर लिहून दिला, त्यांनी दहा मिनिटांत दोन्ही टोकं मारून दिली. लॅपटॉप लावला आणि १९६ आले! नवरा तीन वेळा तपासत होता. म्हणजे एकही रुपयाचा राउटर न घेता.

मग म्हापशेकर यांच्यासारखं माजघरापासून पुढे मागच्या खोलीपर्यंत २० मीटर कॅट६ घेतली, कौलाखालून वाशांना क्लिपा मारत. राउटर शेवटी एएक्स१५०० चा घेतला, एसी१२०० चा नाही, कारण त्या एसीवाल्याचं खोकं दुकानात उघडायला लावलं तर मागे १०/१०० लिहिलेलं निघालं आणि शेवटचं फर्मवेअरही जुनं होतं. एएक्सवाल्याला गिगाबिट पोर्टं, डब्ल्यूपीए३, दोन वेगळी नावं ठेवायची सोय, सगळं आहे. मेश नाही घेतलं. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून मागच्या खोलीत टेबलाच्या वर भिंतीला लावला. तिथे मोबाईलवर १९० येतात, स्वयंपाकघरात ८०. माजघरात तारेला एक छोटा गिगाबिट नेटवर्क स्विच (एका तारेचे फाटे करणारा डबा) बसवला, तिथून टीव्हीला तार दिली त्यामुळे मालिका आता वायफायवर नाहीच. पुढे पडवी-ओटीला जुन्या डब्याचं वायफाय चालू ठेवलंय, तिथे तेवढं पुरतं. मिनी यूपीएस तीन घेतले, डब्याला, स्विचला आणि राउटरला, राउटरचा २ अँपिअरचा.

काल दिवसभर धो धो होता, दोनदा वीज गेली, नवऱ्याची दीड तासाची मीटिंग एकदाही तुटली नाही.

एकच विचारायचंय. तार स्वयंपाकघराच्या बाहेरून दोन हात उघड्यावरून जाते, पागोळ्यांच्या खाली, आणि मग भिंतीच्या भोकातून मागच्या खोलीत शिरते. काल भोकाजवळ आतल्या बाजूला ओल दिसली. त्याला काय करू?

तारजोड्या

तार भोकात सरळ शिरू देऊ नका, पाणी तारेवरनंच आत येतंय. भोकाच्या आधी तारेला खाली वीतभर झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाला येऊन खाली ठिबकतं आणि भोकापर्यंत चढत नाही. भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार दिलाय का बघा, नसला तर करून घ्या. वरनं एम-सील लावा, पण झोल दिल्यावर. आणि बाहेरच्या दोन हातांत पाइप घाला, साधी कॅट६ उन्हानं दोन-तीन वर्षांत तडकते.

जांभ्याचंघर

झोल दिला दादा, आत्ता पाऊस चालू आहे आणि झोलाच्या टोकाला थेंब लटकताना दिसतायत. आत कोरडं आहे. पाइप उद्या आणते.